जुन्या मोटारीचे इंजिन आयडलिंगला थरथरते: दोष शोधण्याचा योग्य क्रम

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचे इंजिन आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, थरथरू लागले, की बहुतेक मालक आधी प्लग बदलतात. थरथर राहिली तर कॉइल बदलतात, त्यानंतर इंजेक्टर साफ करून घेतात आणि तरीही फरक पडला नाही तर ऑक्सिजन सेन्सर विकत आणतात. या यादीतला प्रत्येक भाग कधी ना कधी खरोखरच दोषी निघतो, आणि त्यामुळेच ही सवय सुटत नाही. परंतु थरथर हे लक्षण आहे. हवा, ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) या चारांपैकी कशातही बिघाड झाला तरी चालकाच्या आसनापर्यंत पोहोचणारा धक्का साधारण सारखाच असतो. म्हणून या लेखात एकच नियम शेवटपर्यंत पाळला आहे: चाचणीने बोट दाखवल्याखेरीज कोणताही भाग बदलायचा नाही, आणि सोप्या, काहीही न उघडता करता येणाऱ्या चाचण्यांपासून सुरुवात करून अवघड चाचण्यांकडे जायचे.

पुढील विवेचन चार सिलिंडरच्या, इंजेक्टर असलेल्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे सांगितले आहे. डिझेल इंजिनाला ठिणगीच नसल्यामुळे हा क्रम त्याला लागू पडत नाही.

१. तयारी

गाडी किमान एक रात्र उभी राहून पूर्ण थंड झालेली असताना काम सुरू करावे. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाची दोन-तीन मिनिटे सर्वाधिक माहिती देतात आणि ती संधी दिवसातून एकदाच मिळते. हाताशी मल्टिमीटर, गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड व चालू आकडे दाखवणारा साधा स्कॅनर, प्लगचा पाना, विजेरी, मीटरभर लांबीची रबरी नळी, पाण्याचा फवारा, चिकटपट्टी आणि पेन असावे. व्हॅक्युम गेज मिळाले तर फार उत्तम. कॉम्प्रेशन गेज शेवटी लागेल किंवा लागणारही नाही. त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मात्र सुरुवातीलाच मिळवावी, कारण प्लगमधील अंतर, टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचे) माप, इंधनाचा दाब हे आकडे गाडीगणिक बदलतात आणि खाली दिलेले आकडे केवळ सर्वसाधारण आहेत.

वही उघडून पहिल्या पानावर एका प्रश्नाचे उत्तर लिहावे: थरथर सुरू होण्याआधी गाडीत शेवटचे काम कोणते झाले होते? एअर फिल्टर बदलल्यानंतर हवेच्या नळीची पट्टी सैल राहिली, टायमिंग बेल्ट बदलताना एक दात चुकला, बॅटरी बदलताना अर्थिंगची तार नीट आवळली गेली नाही, अशी कारणे या एका ओळीतून चटकन बाहेर येतात.

त्यानंतर बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे. जुन्या गाडीत कमी व्होल्टेजमुळे ठिणगी अशक्त होते, इंजेक्टर उशिरा उघडतात आणि चाचण्यांचे सगळे निकाल संशयास्पद ठरतात. हा दोष असेल तर आधी तोच दूर करावा.

इशारा: इंजिन चालू ठेवायचे असेल तेव्हा गाडी उघड्यावरच हवी, धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक गाडीत पार्कमध्ये) असावा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी काढून ठेवावी. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

इशारा: ‘एकदा सगळे रीसेट होऊ दे’ म्हणून बॅटरीची तार काढू नये. त्यामुळे साठलेले कोड पुसले जातात आणि संगणकाने शिकलेले आयडलिंगही जाते. मग मूळ थरथरीत एक नवी थरथर मिसळते.

२. थरथरीचा प्रकार ओळखणे

बोनेट उघडण्याआधी पाच मिनिटे नुसते ऐकावे. ही पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ वाचवणारी पायरी हीच आहे.

गरम झालेले इंजिन बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) स्थिरावते. ७५० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबाने, मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा पेटतो. एकच सिलिंडर पूर्ण मेला असेल तर धक्केही त्याच ठेक्यात, न चुकता, सेकंदाला सहा या गतीने येतात. अशा ठेक्यातल्या मिसिंगमध्ये (सिलिंडर न पेटण्यात) हवेच्या मोठ्या गळतीचा संशय कमी आणि एका सिलिंडरच्या प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हचा संशय जास्त धरावा. धक्के अनियमित असतील, कधी लागोपाठ दोन आणि मग बराच वेळ शांतता, तर सर्व सिलिंडरना मिळणाऱ्या मिश्रणातच गडबड आहे असे समजावे. आरपीएमचा काटा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत असेल, तर गळती, मळलेली थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा पाकळीने कमीजास्त करणारा भाग) किंवा आयडलिंगचा वेग सांभाळणारा आयडल नियंत्रक यांच्याकडे पाहावे.

चौथा प्रकार लोकांना हमखास फसवतो. आरपीएमचा काटा अगदी स्थिर असतो, एक्झॉस्टचा आवाज सलग असतो, पण स्टिअरिंग आणि आसन थरथरते. तिथे इंजिनात दोष नसून ते ज्यावर बसवलेले असते ती रबरी माउंटिंग फाटलेली किंवा बसलेली असतात. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर थरथर एकदम वाढली आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ नाहीशी झाली, तर हा संशय बळावतो.

आता सायलेन्सरच्या तोंडाशी जावे. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी एका टोकाला धरून तिचे दुसरे टोक पाइपच्या तोंडासमोर, दोन-तीन सेंटिमीटरवर लोंबू द्यावे. निरोगी इंजिनात पट्टी सतत बाहेर फडफडते. मिसिंग असेल तर ती ठरावीक अंतराने क्षणभर सैल पडते. ती मधूनच आत, पाइपकडे ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शक्यता मोठी असते. ही खूण दिसली तर वहीत ठळक अक्षरांत नोंदवावी, कारण तिचा उपयोग आठव्या पायरीवर होणार आहे.

पडताळणी: पुढे जाण्याआधी वहीत चार नोंदी असाव्यात: थरथर थंड इंजिनात आहे की गरम, ठेक्यात आहे की अनियमित, एअर कंडिशनर लावल्यावर वाढते का, आणि १५०० आरपीएमच्या वर नाहीशी होते का.

३. स्कॅनर: कोड आणि चालू आकडे

कोड वाचल्यावर ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि दोष घडला त्या क्षणी संगणकाने साठवलेले तापमान, आरपीएम व भार हेही उतरवावे. पुसण्याचे काम अगदी शेवटी करायचे आहे.

पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचा असतो. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाहून अधिक सिलिंडरमध्ये आहे. पी०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी पडते असे सांगतो, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. ऑक्सिजन सेन्सरने ही तक्रार केली म्हणून तोच बदलला जातो. वास्तविक तो बहुधा खरे तेच सांगत असतो. शिवाय एखादा सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातील न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सरला पेट्रोल कमी असल्यासारखे भासते. म्हणून मिसिंगचा आणि कमी पेट्रोलचा असे दोन्ही कोड एकत्र दिसले, तर कोणते कारण आणि कोणता परिणाम, हे चाचणीनेच ठरवावे.

चालू आकड्यांत सर्वांत बोलका आकडा इंधन-सुधारणेचा, म्हणजे फ्युएल ट्रिमचा: संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे), हे तो सांगतो. शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत तो असेल तर चिंता नाही. गरम इंजिनात अल्पकालीन आणि दीर्घकालीन आकड्यांची बेरीज आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमवर धरून लिहावी. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० वर अधिक ३ किंवा ४ असे दिसले, तर कुठून तरी मोजणीबाहेरची हवा आत येत आहे. याचे कारण सरळ आहे: गळतीचे भोक तेवढेच राहते, पण आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेत असल्याने त्यात गळतीचा वाटा मोठा असतो. उलट वेग व भार वाढताना आकडाही वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला आहे. दोन्हीकडे उणे आकडे असतील तर पेट्रोल जास्त जात आहे.

पडताळणी: रात्रभर थंड झालेल्या गाडीत चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, शीतकाचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळजवळ सारखे असले पाहिजे. शीतकाचा सेन्सर उणे तापमान किंवा हवेपेक्षा २० अंशांचा फरक दाखवत असेल, तर संगणक चुकीच्या गृहीतकावर पेट्रोल देतो आहे. त्याची जोडणी आणि तो सेन्सर आधी तपासावा.

स्कॅनरची जोडणी नसलेल्या गाडीत ही पायरी सोडून पुढे जावे. कोणताही कोड नसणे म्हणजे दोष नसणे, असे मात्र समजू नये. इंजिन तपासणीचा दिवा गाडी चालवताना लुकलुकत असेल, तर मिसिंग इतके तीव्र आहे की धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. अशा स्थितीत गाडी रेटू नये.

४. मोजणीबाहेरची हवा

जुन्या गाडीत या पायरीवर भरपूर वेळ द्यावा. रबर उष्णतेने कडक होते, तेलाने फुगते आणि वाकलेल्या जागी चिरते. हे तिन्ही दोष नेमके नजरेआड असतात.

माझ्या स्वतःच्या गाडीत प्लग आणि दोन कॉइल बदलून झाल्यावरही थरथर तशीच होती. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पोकळीची) वाफ इनटेककडे, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गाकडे, नेणाऱ्या नळीचा अंगठ्याएवढा रबरी कोपरा वरून काळाभोर, चकचकीत, जणू नवाच दिसत होता. तो काढून उलटा केला तेव्हा पोटाकडची बाजू तेलाने चिकट आणि जेलीसारखी मऊ झालेली आढळली, आणि नखाएवढी एक चीर होती. बोटाने दाबल्यावर ती मिटत असे आणि सोडल्यावर उघडत असे. इंजिन चालू असताना ओढीमुळे तो कोपरा आत चेपला जाई व चीर पूर्ण फाके. त्या दिवसापासून मी कोणतीही नळी वरून पाहून चांगली ठरवत नाही; ती हातात घेऊन वाकवतो आणि विजेरीच्या प्रकाशात मागची बाजू पाहतो.

पाहणीचा क्रम असा ठेवावा. एअर फिल्टरच्या खोक्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतची जाड नळी वाकवून तिच्या घड्यांमध्ये चिरा पाहाव्यात. त्यानंतर क्रँककेसची नळी आणि तिची पीसीव्ही झडप, ब्रेक बूस्टरची जाड नळी, इंधन-दाब नियंत्रकाची बारीक नळी, टाकीतील वाफ आणणाऱ्या पर्ज झडपेची नळी आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट व इंजेक्टरभोवतीच्या रबरी रिंग पाहाव्यात. तेल भरण्याचे झाकण आणि तेल मोजण्याची पट्टी घट्ट बसल्या आहेत का, हेही पाहावे. अनेक इंजिनांत तिथून शिरलेली हवाही मोजणीबाहेरचीच असते.

नंतर इंजिन सुरू करावे. मीटरभर नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक संशयित जोडांवरून सावकाश फिरवावे. गळतीच्या जागी सूं असा बारीक आवाज अचानक मोठा होतो. आवाजाने कळले नाही, तर त्याच जागांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. गळती असेल तिथे पाणी क्षणभर भोक बुजवते आणि इंजिनाची चाल बदलते. कॉइल, वायरी व त्यांच्या जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नये.

इशारा: कार्ब्युरेटर क्लीनरच्या डब्याने ही चाचणी करण्याची पद्धत सर्रास दिसते. तो द्रव चटकन पेट घेतो. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास तो अजिबात वापरू नये. गळती सापडतच नसेल, तर इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडून करायची तपासणी दुरुस्ती केंद्रात करून घेणे अधिक सुरक्षित आहे.

इनटेक मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या नळ्यांसाठी आणखी एक उपाय आहे. मऊ जबड्याच्या चिमट्याने एकेक नळी तात्पुरती दाबून बंद करावी आणि आयडलिंग सुधारते का ते पाहावे. ब्रेक बूस्टरची नळी दाबल्यावर इंजिन शांत झाले, तर दोष नळीत किंवा बूस्टरच्या पडद्यात आहे. पर्जची नळी दाबल्यावर शांत झाले, तर ती झडप उघडी अडकली आहे. बूस्टरची चाचणी गाडी उभी असतानाच करावी, कारण नळी बंद असताना ब्रेकचे पेडल फार जड होते. कडक प्लॅस्टिकच्या जुन्या नळ्या दाबू नयेत, त्या तडकतात.

व्हॅक्युम गेज असल्यास मॅनिफोल्डला जोडावे. समुद्रसपाटीला गरम, निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवते. उंचीवर दर ३०० मीटरला सुमारे एक इंच वजा धरावा. काटा स्थिर पण खूप खाली असेल तर गळती किंवा चुकलेले टायमिंग समजावे. तो ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह संशयास्पद आहे.

लक्षात ठेवण्याजोगा फरक: हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाडीत गळतीमुळे पेट्रोल कमी पडून मिसिंग होते, तर मॅनिफोल्डमधील दाबावरून हिशेब करणाऱ्या एमएपी सेन्सरच्या गाडीत संगणक त्या हवेलाही पेट्रोल देतो आणि आयडलिंग चढे राहते. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या गाडीत फ्युएल ट्रिम ठीक दिसले म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढू नये.

५. थ्रॉटल बॉडी आणि आयडल नियंत्रक

हवेची नळी काढून थ्रॉटलची पाकळी उघडावी व तिच्या कडेला, विशेषतः मागच्या बाजूला, काजळीचे काळे कडे जमले आहे का ते पाहावे. आयडलिंगला हवा या पाकळीच्या कडेने किंवा शेजारच्या अरुंद मार्गाने जाते, त्यामुळे पातळ थरही पुरेसा अडथळा करतो. क्लीनर थेट न फवारता कापडावर घेऊन पुसावे. विजेवर चालणारी पाकळी असेल तर चावी बंद असावी आणि पाकळी जोराने ढकलू नये; आतले दाते तुटू शकतात.

वेगळी आयडल झडप असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना तिची जोडणी क्षणभर काढावी. चालीत काहीच फरक पडला नाही, तर झडप अडकलेली आहे किंवा तिला वीजच पोहोचत नाही. साफ करताना तिची सुई हाताने आत दाबू नये.

पाकळी जिथे टेकते तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. आयडलिंग वाढवण्यासाठी तो फिरवणे ही दोष झाकण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण त्यानंतर पुढच्या कोणत्याही मोजमापावर विश्वास ठेवता येत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याजोगा असतो. पण त्याला हात लावण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे फिरला हे मोजून लिहावे, म्हणजे पूर्ववत करता येते. अशा गाडीत आयडल जेटमध्ये अडकलेला कचरा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचे गॅस्केट यांची शंका आधी घ्यावी.

एमएएफ सेन्सर मळलेला दिसला, तर केवळ त्याच्यासाठी बनवलेल्या क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्यावा. त्यातील तार किंवा पातळ पट्टी बोटाने, कापसाने, कशानेही पुसू नये.

पडताळणी: साफसफाईनंतर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते. पुस्तिकेत आयडलिंग पुन्हा शिकवण्याची पद्धत दिली असेल तर ती करूनच निकाल ठरवावा.

६. दोषी सिलिंडर आणि ठिणगी

कोडने सिलिंडर दाखवला नसेल तर तो असा शोधावा: गरम इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरची वीजजोडणी काही सेकंद काढावी व लगेच परत लावावी. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम पडतो आणि थरथर वाढते. ज्याची जोडणी काढूनही काहीच बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. आयडल नियंत्रक आरपीएम लगेच सावरतो, म्हणून काट्यापेक्षा पहिल्या क्षणीच्या आवाजाकडे लक्ष द्यावे.

इशारा: हीच चाचणी प्लगची वायर काढून करू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते, वाट न मिळालेल्या विजेच्या उच्च दाबामुळे कॉइल निकामी होऊ शकते आणि हजारो व्होल्टचा झटका बसतो. हृदयाला पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ काम करूच नये.

प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल, तर दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या चांगल्या सिलिंडरवर लावावी. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल दोषी. जागच्या जागी राहिले तर कॉइल निर्दोष. एका वेळी एकच भाग हलवावा. कॉइल आणि प्लग एकत्र हलवले तर दोघांपैकी कोण चुकले हे कळत नाही, आणि ही चूक घाईत वारंवार होते.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावेत. काढण्याआधी भोवतालची धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून शेजारी शेजारी पाहावेत. फिकट तपकिरी टोक चांगले. कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगी नाही. तेलकट ओलसर प्लग म्हणजे तेल आत येते. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे अति उष्णता किंवा पेट्रोलची कमतरता. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून पळते आहे. अशा वेळी प्लगबरोबर त्यावरची रबरी टोपीही बदलावी, नाहीतर नवा प्लगही लवकरच तसाच होतो. प्लगच्या विहिरीत तेल साचले असेल, तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट बदलणे भाग आहे.

प्लगमधील अंतर बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. परत बसवताना पहिले अनेक आटे हातानेच फिरवावेत. पान्याने सुरुवात केली आणि आटा तिरका गेला, तर अॅल्युमिनियमच्या हेडचे नुकसान होते. डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) असलेल्या गाडीत त्याच्या टोपीच्या आतल्या बारीक चिरा, रोटरचे जळलेले टोक आणि काँटॅक्ट पॉइंट असल्यास त्यांचे अंतर पाहावे. रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींकडे पाहिल्यास निळसर ठिणग्यांची पळापळ नुसत्या डोळ्यांना दिसते. त्या वेळी हात दूर असावेत.

७. इंधन

ठिणगी चांगली असूनही तोच सिलिंडर मृत असेल, तर इंजेक्टरकडे वळावे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर व मूठ कानाशी धरल्यास नियमित टकटक ऐकू येते. एकाचाच आवाज नसेल किंवा दबका असेल, तर त्याचा रोध मोजून इतरांशी ताडून पाहावा. जुन्या गाड्यांतील सर्वसाधारण इंजेक्टरचा रोध ११ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. टकटक ऐकू आली म्हणून पेट्रोलचा फवारा बरोबर पडतो असे मात्र सिद्ध होत नाही. ते तपासण्यासाठी इंजेक्टरची अदलाबदल किंवा यंत्रावरची चाचणीच लागते.

सर्व सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी पडत असेल, तर दाब मोजावा. इनटेकमध्ये फवारणाऱ्या इंजेक्शन पद्धतीत तो साधारण २.५ ते ४ बार असतो. दाब नियंत्रकाला व्हॅक्युमची नळी असेल तर ती काढून आत पाहावे. त्यात पेट्रोलचा थेंब किंवा ओल दिसली, तर नियंत्रकाचा पडदा फाटला आहे व इंजिन ते पेट्रोल थेट ओढत आहे. नळी काढण्याच्या या एका मिनिटाने पुष्कळांचे इंजेक्टर साफ करण्याचे काम वाचते.

इशारा: इंधनाची जोडणी उघडण्याआधी दाब सोडवावा, डोळ्यांवर चष्मा घालावा, जवळ अग्निशामक ठेवावे. गळलेले पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत इंजिन सुरू करू नये.

८. कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इथवर पोहोचूनही दोष सापडला नाही, किंवा कागदाची पट्टी आत ओढली जात होती, तर ही चाचणी टाळू नये. इंजिन गरम करून बंद करावे आणि प्लग हाताळण्याइतके निवू द्यावे. सर्व प्लग काढावेत, इंधन व इग्निशन दोन्ही निकामी करावे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टर सारखाच, पाच-सहा फेरे फिरवावा. अॅक्सिलरेटर न दाबणे ही येथील नेहमीची चूक. हवा आतच न गेल्यामुळे सगळे आकडे कमी येतात आणि मालक विनाकारण घाबरतो.

पेट्रोल इंजिनात आकडे बहुधा १० ते १४ बारच्या दरम्यान येतात, परंतु आकड्यापेक्षा त्यांच्यातील फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्याच्या ७५ टक्क्यांहून खाली गेला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा बऱ्यापैकी वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधले गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. सर्वच सिलिंडर सारखेच कमी आले तर टायमिंग बेल्ट किंवा साखळीचा दात सरकला आहे का, ते पाहावे.

हेड उघडण्याचा निर्णय घेण्याआधी टॅपेटचे अंतर मोजावे. हाताने लावायच्या टॅपेटमध्ये अंतर फार कमी झाले, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आवाज मात्र काहीच येत नाही, उलट इंजिन अधिक शांत भासते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. गॅसवर चालवलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून असे होण्याचे प्रमाण अधिक असते. वेळीच अंतर लावले तर व्हॉल्व्ह जळण्यापासून वाचतो.

राहिलेली एक शक्यता: एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेककडे नेणारी ईजीआर झडप उघडी अडकली, तर आयडलिंग अत्यंत खराब आणि वेगात मात्र गाडी ठीक, असे दिसते. तिच्या मार्गावर तात्पुरती पातळ पत्र्याची चकती बसवून आयडलिंग ऐकावे आणि चाचणी संपताच चकती काढून टाकावी.

९. दुरुस्तीनंतरची खात्री

आता कोड पुसावेत आणि गाडी वीस-तीस मिनिटे वेगवेगळ्या गतींनी चालवावी. परतल्यावर तिसऱ्या पायरीवर लिहिलेले फ्युएल ट्रिमचे दोन्ही आकडे पुन्हा घ्यावेत. आधीचे अधिक २० आता १० च्या आत आले असतील तर दोष खरोखर गेला. थरथर थांबली पण आकडा जागचा हलला नाही, तर मूळ कारण अजून आत आहे आणि मधल्या एखाद्या कामाने ते फक्त झाकले गेले आहे. अशा वेळी चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.

शेवटची चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. थंड गाडी सुरू करून, कशालाही हात न लावता, आरपीएम आधी चढलेला आणि मग इंजिन तापेल तसा सावकाश उतरून स्थिरावलेला पाहावा, आणि तारखेसह वहीत नोंदवावा.